अमेरिकेच्या इतिहासातील कलाटण्या कशा अभ्यासाव्यात

पावसाळ्यात सांगलीच्या माणसाला आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी फुटांमध्ये तोंडपाठ असते. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलालाही सांगावे लागत नाही. पण नदीकाठच्या गल्लीत राहणारा जाणता माणूस केवळ पुलावरचा आकडा पाहत नाही. कोयनेतून किती पाणी सोडले, वारणेची स्थिती काय आहे आणि वर महाबळेश्वराकडे किती पाऊस झाला, याची तो आधी चौकशी करतो, कारण आज पुलाखाली दिसणारे पाणी काही तासांपूर्वी वर कुठेतरी निघालेले असते. इतिहासातील कलाटणी अभ्यासण्याची रीत याहून फारशी वेगळी नाही. सन हा पुलावरचा आकडा आहे. तो पाठ असलाच पाहिजे, परंतु पाणी कुठून आले आणि कोणत्या घटकेनंतर माघारी फिरणे शक्य राहिले नाही, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

सांगलीत दर शनिवारी भरणाऱ्या आमच्या छोट्या अभ्यासवर्गात आम्ही अमेरिकेचा इतिहास ज्या पद्धतीने वाचतो, ती येथे सविस्तर मांडतो. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला ती उपयोगी पडेलच, पण निव्वळ जिज्ञासेने वाचणाऱ्यालाही घरी एकट्याने ती वापरता येईल.

साहित्य मोजकेच लागते. अमेरिकेच्या राज्यांचा एक नकाशा, एक दोनशे पानी वही, रंगीत पेन्सिली आणि एक लांब कागदी पट्टी एवढे पुरे. जुन्या दिनदर्शिकेची पाने उलट बाजूने एकमेकांना चिकटवली की पट्टी तयार होते. एका वर्षाला एक सेंटीमीटर असे प्रमाण धरावे आणि १७६५ ते १९६५ हा काळ घ्यावा. म्हणजे पट्टी बरोबर दोन मीटर लांब होते आणि साधारण खोलीच्या भिंतीवर मावते. पट्टीच्या वरच्या बाजूस अमेरिकेतील घटना लिहाव्यात आणि खालची बाजू आपल्याकडील घटनांसाठी मोकळी ठेवावी. ही खालची बाजू अनेकांना अनावश्यक वाटते. माझ्या मते ती नसेल तर अर्धा अभ्यास वाया जातो.

त्यानंतर घटना निवडाव्यात. सुरुवातीला सहा-सातच्या वर जाऊ नये. प्रत्येक घटनेसाठी वहीत एक पान घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहावीत. त्या दिवसाआधी कोणासमोर कोणते मार्ग खुले होते? त्या दिवसानंतर कोणता मार्ग कायमचा बंद झाला? आणि ही कलाटणी नेमकी कोणासाठी होती, कोणासाठी नव्हती? ज्या घटनेला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, ती घटना कितीही प्रसिद्ध असली तरी पट्टीवर लहान अक्षरात लिहावी.

स्वातंत्र्ययुद्धावर हा प्रयोग करून पाहावा. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात टाकण्यात आल्या, हे सर्वांनी वाचलेले असते. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता आणि कर्जात रुतलेल्या याच कंपनीला सावरण्यासाठी ब्रिटिश संसदेने त्या वर्षीचा चहाचा कायदा केला होता, हे मात्र आपण सहसा जोडून पाहत नाही. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्याने राजाशी तडजोड करण्याचा मार्ग बंद केला. तरीही त्याची शाश्वती १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या फौजेने शस्त्रे ठेवली तेव्हाच आली. आता पट्टीच्या खालच्या बाजूकडे यावे. हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात १७९१ साली हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा त्याला श्रीरंगपट्टणच्या बाजूस येऊन मिळाल्या. हे परशुरामभाऊ तासगावचे. तेथील गणपती मंदिराचे उंच गोपुर त्यांनीच उभारले. आमच्या वर्गातील तासगावच्या एका विद्यार्थिनीने यॉर्कटाउनच्या खाली दहा सेंटीमीटर उजवीकडे स्वतःच्या गावाचे नाव लिहिले, त्या दिवसापासून कॉर्नवॉलिस हे नाव वर्गात कोणीही विसरलेले नाही.

आता सर्वांत जास्त वेळ जिथे द्यावा, त्या भागाकडे येतो. गुलामगिरी आणि उत्तर व दक्षिणेतील राज्यांमधले १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध यांसाठी वहीत एक पान पुरणार नाही. निदान पाच पाने ठेवावीत आणि वाचनाची सुरुवात १८६१ पासून न करता १७९३ पासून करावी. त्या वर्षी एली व्हिटनी याने सरकी वेगळी करणारे यंत्र, म्हणजे जिन, तयार केले. आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हाताने काढणे इतके वेळखाऊ होते की त्याची मोठी लागवड परवडत नसे. यंत्रामुळे ती परवडू लागली, कापसाचा पट्टा पश्चिमेकडे पसरत गेला आणि १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरला घेतलेल्या लुइझियानाच्या विस्तीर्ण प्रदेशाने त्याला आणखी जमीन दिली. १७९० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास पोहोचली. श्रम वाचवणाऱ्या यंत्राने गुलामगिरी कमी न होता वाढली, ही गोष्ट प्रत्येकाने वहीत स्वतःच्या हाताने लिहावी, कारण ती आपल्या सहज अंदाजाच्या विरुद्ध जाते.

यापुढे गुलामगिरी असलेल्या व नसलेल्या राज्यांचा समतोल राखणारी १८२० ची मिसुरी तडजोड, कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल आणि नोव्हेंबर १८६० मधील लिंकन यांची राष्ट्राध्यक्षपदी निवड हे टप्पे पट्टीवर मांडत गेले की त्यांच्यातील अंतर कमी होत जाते. पाण्याचा वेग वाढत असल्याचे येथे डोळ्यांना दिसते.

मग बंडखोर राज्यांतील गुलामांना मुक्त घोषित करणारा लिंकन यांचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा घ्यावा आणि तो मुळातून वाचावा. त्याची पद्धत अशी. एकाने मजकूर मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने नकाशात पेन्सिलीने प्रदेश रंगवत जावे. जाहीरनाम्यात दहा राज्यांची नावे आहेत. लुइझियानाचे नाव आले की हात थांबवावा, कारण त्यातून न्यू ऑर्लिन्स शहरासह तेरा पॅरिश, म्हणजे तेथील जिल्हे, वगळलेले आहेत. व्हर्जिनियातून वेस्ट व्हर्जिनिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ४८ काउंट्या आणि आणखी काही काउंट्या वगळल्या आहेत. टेनेसीचा तर उल्लेखच नाही. मेरीलँड, डेलावेअर, केंटकी आणि मिसुरी ही गुलामगिरी असूनही संघराज्यात राहिलेली राज्येही कोरीच राहतात. रंगवून झालेल्या नकाशाकडे पाहून आमच्या वर्गात दरवेळी एकच प्रश्न येतो: जिथे लिंकन यांची सत्ता चालत होती तेथेच हा जाहीरनामा लागू नव्हता, तर मग मुक्त कोण झाले?

या प्रश्नाचे उत्तर देण्याची घाई करू नये. विद्यार्थ्याला ते शोधू द्यावे. लिंकन यांनी हा आदेश सरसेनापती या नात्याने, युद्धातील उपाय म्हणून काढला होता. शत्रूच्या प्रदेशात हा अधिकार चालत होता. निष्ठावंत राज्यांतील गुलामगिरी संपवण्यासाठी राज्यघटनाच बदलावी लागणार होती. मात्र संघराज्याची फौज जसजशी दक्षिणेत सरकत गेली तसतशी जाहीरनाम्याची अंमलबजावणीही पुढे सरकली. शिवाय त्याच जाहीरनाम्याने मुक्त झालेल्यांना सैन्यात घेण्याची वाट उघडली आणि युद्धाच्या अखेरीपर्यंत सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक संघराज्याच्या फौजेत लढले. ज्यांच्या हाती बंदूक देऊन ज्यांच्याकडून रक्त मागितले, त्यांना पुन्हा गुलाम करण्याची भाषा यानंतर अवघड झाली. असे असले तरी १८६४ च्या निवडणुकीत लिंकन पराभूत झाले असते तर जुन्या व्यवस्थेशी तडजोड करण्याची शक्यता उरलीच होती, म्हणून बंद झालेल्या मार्गाची लाल रेघ मी १८६३ वर तुटक आणि तेरावी घटनादुरुस्ती संमत झाली त्या डिसेंबर १८६५ वर सलग काढायला सांगतो.

पट्टीच्या खालच्या बाजूस येथे बरेच लिहिण्यासारखे आहे. दक्षिणेची बंदरे नाकेबंदीत अडकल्यामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळून तेथील सट्टेबाजार बुडाला. दख्खनच्या शेतकऱ्यावर तेजीच्या काळात वाढलेले कर्ज मात्र तसेच राहिले आणि त्यात सारावाढीची भर पडली. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांची कर्जखते जाळली गेली, त्यामागे ही साखळी होती. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेत गुलामांना दास्यमुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. फुल्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण; त्यांना मिसिसिपीकाठची घटना स्वतःच्या समाजाच्या प्रश्नाशी तत्काळ जोडता आली, ही बाब सातारा-सांगलीच्या वाचकाने आवर्जून नोंदवावी.

तिसरा प्रश्न, म्हणजे कलाटणी कोणासाठी, येथेच सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो. चौदाव्या आणि पंधराव्या घटनादुरुस्तीने नागरिकत्व आणि मतदानाचे हक्क कागदावर आले. पण १८७७ मधील राजकीय तडजोडीनंतर दक्षिणेतील उरलेल्या संघराज्यीय फौजेचा पाठिंबा काढून घेण्यात आला आणि ते हक्क हळूहळू हिरावले गेले. पट्टीवर १८७७ वर बोट ठेवावे आणि शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालापर्यंत ते सरकवत न्यावे. ते ७७ सेंटीमीटर अंतर आहे. दोन पिढ्या त्या अंतरात जगल्या आणि गेल्या, हे वाक्य वाचण्यापेक्षा बोटाने मोजलेले जास्त खोल उतरते.

१९२९ ची मंदी आणि १९४१ चा पर्ल हार्बरवरील हल्ला या घटनांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून त्यांवर थोडक्यातच सांगतो. ऑक्टोबर १९२९ च्या शेअरबाजारातील घसरणीपेक्षा मार्च १९३३ मध्ये रूझवेल्ट यांनी बँका बंद ठेवून आरंभलेल्या धोरणाला मोठे अक्षर द्यावे, कारण सरकारने नागरिकाच्या पोटापाण्याची जबाबदारी घ्यावी ही अपेक्षा तेथून रुजली. पट्टीच्या खाली १९२९ वर त्याच वर्षी खुला झालेला आयर्विन पूल लिहायला विसरू नये.

शेवटचे पान १९६५ चे ठेवावे. त्या वर्षी मतदान हक्कांचा कायदा झालाच, शिवाय स्थलांतराचा नवा कायदाही झाला. १९४६ च्या कायद्यानुसार हिंदुस्थानातून वर्षाला सुमारे शंभरच माणसांना तेथे स्थायिक होण्याची मुभा होती. नव्या कायद्याने राष्ट्रीयत्वानुसार ठरवलेला जुना कोटा मोडीत काढून पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशासाठी वर्षाला २० हजारांची समान मर्यादा ठेवली. या पानासाठी ग्रंथालयात जाण्याआधी आपल्याच आळीत चौकशी करावी. ज्यांच्या घरातील कोणी अमेरिकेत गेले आहे, त्यांना ती व्यक्ती कोणत्या साली गेली, कोणत्या कामासाठी गेली आणि तिच्यामागून घरातील आणखी कोण गेले, एवढे तीन प्रश्न विचारावेत. बहुतेक साले पट्टीच्या उजव्या टोकाच्या पलीकडे पडतील. तेथे दिनदर्शिकेचे आणखी एक पान चिकटवावे.