सरकारी नेटवर्क हॅक झाल्याची बातमी आली? या चुका टाळा

"सरकारी नेटवर्क हॅक!!" अशी लाल पट्टी टीव्हीवर आली की थोड्याच वेळात फॅमिली ग्रुपवर तीच बातमी तिखटमीठ लावून फिरायला लागते. नेमकं कुठलं मशीन, सांगतंय कोण, बंद काय पडलं, हे कोणी विचारतच नाही.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे वेबसाइट आणि आतलं नेटवर्क एकच समजणं. ६ एप्रिल २०१८ ला संरक्षण मंत्रालयाच्या साइटवर एक चिनी अक्षर दिसायला लागलं. झालं, चॅनलवाल्यांनी चिनी हॅकर थेट मंत्रालयात घुसवले, आणि तेव्हाच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी पण साइट हॅक झाल्यावर कारवाई सुरू केलीय असं ट्विट केलं. नंतर कळलं की हार्डवेअर बिघडलं होतं, आणि ते अक्षर म्हणजे द्रुपल या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या झेन नावाच्या थीमचा साधा डिफॉल्ट लोगो. आणि समजा खरंच हॅक झाली असती तरी पब्लिक साइट म्हणजे ऑफिसबाहेरची पाटी, तिच्यावर कोणी काही खरडलं म्हणून आतल्या कपाटातल्या फायली गेल्या असं होत नाही.

दुसरी चूक जास्त डेंजर, कारण तिच्यात दोन खऱ्या गोष्टी असतात आणि आपण त्या परस्पर जोडून टाकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाइट गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तो दिवस मुंबईकर विसरणं शक्य नाही. मग फेब्रुवारी २०२१ च्या शेवटी रेकॉर्डेड फ्युचर या अमेरिकन कंपनीचा रिपोर्ट आला की चीनशी संबंधित एक ग्रुप भारताच्या वीज यंत्रणांमध्ये घुसायला बघतोय. दुसऱ्याच दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाचा हवाला देत १४ ट्रोजन (लपून शिरणारे घातक प्रोग्राम) आणि ८ जीबी डेटाचा आकडा सांगितला, आणि त्याच्या पुढच्या दिवशी तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की सायबर हल्ले झाले होते पण मुंबईची लाइट गेली ती माणसाच्या चुकीमुळे. गंमत म्हणजे त्या मूळ रिपोर्टमध्येच लिहिलेलं की मालवेअर (म्हणजे असलं घातक सॉफ्टवेअर) आणि मुंबईचा अंधार यांचा संबंध सिद्ध झालेला नाही! पण तेवढं वाचायला वेळ कोणाला आहे.

परदेशी आयपी (इंटरनेटवरचा कॉम्प्युटरचा पत्ता) दिसला की परदेशी हल्ला, हीपण तशीच घाई. २०११ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला पाण्याचा एक पंप जळाला, लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींमध्ये, रशियाचा आयपी सापडला आणि रशियन हॅकरांनी पाणीपुरवठा पाडला अशा बातम्या झाल्या. तो आयपी त्यांच्याच काँट्रॅक्टरचा होता, काही महिन्यांपूर्वी फिरायला रशियाला गेलेला असताना त्याने कामासाठी लॉगिन केलं होतं. त्याला एक फोन लावला असता तरी प्रकरण मिटलं असतं.

आकड्यांनी पण घाबरू नका. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर विभागाने १५ लाख हल्ल्यांचा आकडा दिला, हेडलाइन तीच झाली, पण त्यातले यशस्वी झाले फक्त १५० हे बऱ्याच जणांनी वाचलंच नाही. त्याच दिवसांत पाकिस्तानने भारताचं ७० टक्के पॉवर ग्रिड बंद पाडलं असाही एक मेसेज फिरत होता, तो केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने खोटा ठरवला.

आता याचा अर्थ सरकार "काही झालं नाही" म्हणालं की विषय संपला असं अजिबात नाही हां, ही तर उलट्या बाजूची चूक. ऑक्टोबर २०१९ मध्ये तामिळनाडूतल्या कुडनकुलम अणुवीज केंद्राने आधी ठणकावून सांगितलं की आमच्या कंट्रोल सिस्टीमवर सायबर हल्ला शक्यच नाही, आणि दुसऱ्याच दिवशी हे केंद्र चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीने मान्य केलं की एका पीसीत मालवेअर सापडलं होतं. तो पीसी ऑफिसच्या कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या नेटवर्कवरचा होता, अणुभट्टी चालवणाऱ्या नेटवर्कवरचा नाही. म्हणजे "अणुभट्टी हॅक" पण चूक आणि "काहीच नाही" पण चूक.

माझ्या मते आरडाओरड्याचा खरा तोटा एम्सच्या वेळी दिसला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली एम्सचे सर्व्हर खरंच लॉक झाले, पेशंटचं काम हाताने कागदावर करावं लागलं. मीडियाने धरून ठेवली ती २०० कोटींची क्रिप्टो खंडणी, जी मागितल्याची माहिती एम्सने दिलेलीच नाही असं दिल्ली पोलिसांनी सांगितलं. पुढे राज्यसभेत उत्तर आलं की पाच सर्व्हरना फटका बसला, साधारण १.३ टीबी डेटा लॉक झाला, आणि कारण काय तर नेटवर्कचे भाग नीट वेगळे केलेले नव्हते. या शेवटच्या वाक्यावर चॅनलवर किती डिबेट झाल्या असतील तुम्हीच सांगा.

त्यामुळे पुढचा फॉरवर्ड आला की आधी बघा वेबसाइट, ऑफिसचा पीसी की मशीन चालवणारी सिस्टीम, मग बातमीत ज्या रिपोर्टचं नाव आहे तो स्वतः उघडा, आणि आठवड्याने तीच बातमी परत सर्च करा. आपलं अकाउंट असलेली साइट असेल तर तेवढ्यात पासवर्ड बदलून टाका, त्याला खुलाशाची वाट बघायची गरज नाही.