जुन्या डेस्कटॉपसाठी रॅम घेताना या चुका टाळा

जुना संगणक मंदावला की रॅम वाढवण्याचा सल्ला मिळतो आणि तो बहुतेक वेळा योग्यही असतो. परंतु दुकानात जाऊन केवळ "४ जीबीची डीडीआर३ द्या" (डीडीआर३ हा रॅमचा एक प्रकार) एवढेच सांगणे महागात पडू शकते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील मामांच्या लेथ कारखान्यात बिलांसाठी ठेवलेल्या संगणकाबाबत मी नेमके हेच केले. राजारामपुरीतून आणलेली नवी स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, बसवल्यावर पंखा फिरला, पण पडदा काळाच राहिला. तीच स्टिक दुकानातील संगणकावर विनातक्रार चालली, म्हणजे दोष तिच्यात नव्हता.

कारखान्यातील मदरबोर्डावर इंटेलचा जी४१ चिपसेट (प्रोसेसर, रॅम आणि इतर भागांना जोडणारा चिपांचा संच) होता. ८ गिगाबिट म्हणजे १ जीबी; त्यामुळे ४ जीबीची स्टिक ४ गिगाबिटच्या ८ चिप वापरून तयार होते, तशीच ती २ गिगाबिटच्या १६ चिप वापरूनही होते. जी४१ ला ४ गिगाबिटची चिप ओळखता येत नाही, त्यामुळे ८ चिपांची स्टिक लावल्यास संगणक एकतर सुरूच होत नाही किंवा क्षमता निम्मी दाखवतो. अशा बोर्डासाठी लेबलवर '२आरएक्स८' असे छापलेली, दोन्ही बाजूंना चिपा असलेली ४ जीबीची स्टिक लागते. नुसत्या चिपा मोजूनही भागत नाही, कारण केवळ एएमडी या इंटेलच्या स्पर्धक कंपनीचा प्रोसेसर असलेल्या बोर्डांवर चालणाऱ्या स्वस्त स्टिकांवरही १६ चिपा असू शकतात, मात्र त्यांची आतील रचना वेगळी असते. किंमत संशयास्पद कमी वाटली, तर "इंटेलवर चालते का?" हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही अशीच स्वस्तात मिळते. ती साध्या डेस्कटॉपवर चालत नाही.

डीडीआर२ आणि डीडीआर३ या दोन्हींना २४० पिना असतात, म्हणून त्या एकसारख्या भासतात. परंतु खाचेची जागा वेगळी असते आणि डीडीआर२ ला १.८, तर डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात. स्टिक सहज बसत नसेल, तर अंगठ्याचा जोर वाढवू नये, खाच पाहावी. वेगाची मात्र फारशी चिंता नको. १३३३ च्या जोडीला १६०० ची स्टिक लावल्यास दोन्ही सहसा कमी वेगाने चालतात, एवढेच. विंडोज ३२ बिटची असेल, तर घरगुती आवृत्त्यांमध्ये ४ जीबीच्या पुढील रॅम वापरलीच जात नाही. हे सर्व खरेदीआधीच कळू शकते: सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये बोर्डाचे नाव, चिपसेट आणि बसवलेल्या स्टिकचा तपशील दिसतो. तो कागदावर उतरवून दुकानात न्यावा. मी तो नेला नव्हता.

योग्य रॅम बसवूनही नुसत्या बीप ऐकू येत असतील, तर लगेच दुकानदाराशी वाद घालू नये. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमट हवेने पिनांवर थर चढतो, आणि उद्यमनगरात तर हवेत लोखंडाची बारीक कीसही असते. वीजजोडणी काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज घालवावी, पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, स्टिक बसते तो स्लॉट ब्रशने झाडावा आणि दोन्ही बाजूंची कुलपे 'टक्' असा आवाज होईपर्यंत स्टिक दाबावी. त्यानंतर एका वेळी एकच स्टिक, प्रत्येक स्लॉटमध्ये आळीपाळीने लावून पाहावी. दोष स्टिकचा की स्लॉटचा, हे त्यातून उघड होते. संगणक सुरू झाल्यावर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवावा. त्यात एक जरी चूक दिसली, तरी ती स्टिक परत करावी, कारण अशी रॅम पुढे हिशेबाच्या फायली खराब करू शकते.

मामांच्या संगणकाला शेवटी वापरलेली, १६ चिपांची स्टिक मिळाली आणि ती पहिल्याच प्रयत्नात चालली. नवी स्टिक अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे.