चेनची क्विक लिंक काढता-लावताना या चुका टाळा

गेल्या श्रावणात यवतेश्वरचा घाट चढताना माझ्या पुढच्या मुलाची चेन अचानक सुटली. तो उभा राहून पेडल मारत होता. पाय रिकामा फिरला आणि गुडघा हँडलवर आपटला. चेन तुटली नव्हती. आदल्या रात्री त्याने ती धुऊन पुन्हा जोडली होती. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या क्विक लिंकची एक पिन खाचेत बसली होती, दुसरी मळामुळे तिरकी अडकलेली. गावातल्या रस्त्यावर तेवढ्याने भागलं, चढाला जोर पडताच पट्टी उघडली. लिंकचा एक अर्धा भाग चेनला लटकत होता, दुसरा ओल्या गवतात गेला तो सापडलाच नाही. सायकल हातात धरून त्याला साताऱ्यापर्यंत उतरावं लागलं.

ही लिंक म्हणजे दोन सारखेच तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक पट्टी आणि एक पिन. पट्टीला किल्लीच्या भोकासारखी खाच असते, लिंकच्या मध्याकडे रुंद आणि टोकाकडे अरुंद. पिन रुंद बाजूने आत जाते आणि चेन ताणली की सरकून अरुंद बाजूला अडकते. एवढं डोळ्यांसमोर ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

‘घातली’ म्हणजे ‘बसली’ नव्हे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. हाताने दोन तुकडे एकमेकांत घालून ओढले की लिंक लागल्यासारखी दिसते, पण दहा-अकरा स्पीडच्या, म्हणजे मागे दहा-अकरा चक्रं असलेल्या सायकलच्या, लिंकला हाताचा जोर सहसा पुरत नाही. पेडल उलटं फिरवून लिंक चेनच्या वरच्या भागात आणा, पुढचं दातेरी चक्र आणि मागची कॅसेट (मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच) यांच्या मधोमध. मागचा ब्रेक घट्ट दाबा, क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, जमिनीला समांतर ठेवा आणि पुढचं पेडल खाली दाबा. ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. आवाज आला नाही तर पुढे जाऊ नका, लिंक उघडून खाच पुसा. कासच्या जांभ्याची लाल माती तेलात मिसळली की त्या खाचेत लुकणासारखी घट्ट होते.

आवाजानंतर बोट फिरवून बघा. दोन्ही पिना खाचेच्या टोकाला गेलेल्या हव्यात, पट्ट्या एकमेकींना समांतर हव्यात आणि लिंक शेजारच्या कड्यांइतकीच सहज वाकायला हवी. हे बघायला अर्धा मिनिट लागतो, तेवढा द्याच.

पण हा ‘टक्’ करण्याआधी चेन मागच्या डिरेलरमधून, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागातून, नीट गेलीय का, ते तपासा. त्यातल्या दोन पुलींच्या मधे पिंजऱ्याला एक छोटी पट्टी असते. चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली तर सायकल चालते, पण सतत घासल्याचा आवाज येतो. मग पक्की बसलेली लिंक पुन्हा उघडावी लागते, आणि काही लिंक एकदाच वापरायच्या असतात.

उघडताना नुसतं दाबू नका

दोन्ही पिना एकमेकींकडे ढकलायच्या हे बहुतेकांना माहीत असतं. पण पिनेचा गळा, म्हणजे टोकाजवळचा बारीक भाग, पट्टीत रुतून बसलेला असतो. म्हणून आधी दोन्ही पट्ट्या बाजूने चिमटीत धरून आत दाबायच्या आणि त्याच वेळी पिना जवळ आणायच्या. लिंकच्या पक्कडीने हे काम एका हातात होतं. पक्कड नसेल तर लिंकच्या दोन टोकांच्या रोलरांमागून बुटाची नाडी किंवा जुनी ब्रेकची तार ओवा, वर एक फास घाला आणि दोन्ही टोकं जोरात ओढा. मी रस्त्यावर असंच करतो. लिंक दातांवर असेल तर उघडणार नाही. ती चेनच्या खालच्या, सैल भागात आणा.

अडलीच तर फडक्याने पुसून तेलाचा एक थेंब सोडा, थोडं थांबा, हलकेच ठोका. स्क्रू-ड्रायव्हर घालून मात्र उचकटू नका. वाकलेली पट्टी पुन्हा कधीच सरळ बसत नाही.

माप आणि वय

चेनची रुंदी स्पीडप्रमाणे बदलते. आठ स्पीडची चेन बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर, दहाची ६ च्या आसपास, अकराची साडेपाच. दोन कड्यांमधलं अंतर मात्र सगळ्यांचं १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच, त्यामुळे चुकीची लिंकही लागल्यासारखी वाटते. रुंद लिंक शेजारच्या दात्याला घासते. अरुंद लिंक आवळून बसते, कडी वाकत नाही. दुकानात ‘क्विक लिंक द्या’ एवढंच न म्हणता स्पीड सांगा.

शिमानो आणि स्रॅम यांच्या दहा स्पीडपासून पुढच्या बहुतेक लिंका एकदा उघडल्या की टाकून द्यायच्या असं कंपनीच सांगते. केएमसीच्या काही लिंका पुन्हा चालतात. माझी कसोटी अशी: बोटांच्या जोराने, ‘टक्’ न होता जी लिंक बसते, तिचा पिनेचा गळा झिजलाय. ती लिंक मी घाटात नेत नाही. आणि दर धुण्याला चेन काढण्याची हौसही करू नका. पावसाळ्यातसुद्धा ब्रश, फडकं आणि जागेवरच साफसफाई पुरते.

जोडणीत होणाऱ्या बाकी गफलती

चेनची दोन्ही टोकं आतल्या, अरुंद पट्ट्यांची हवीत. एका टोकाला बाहेरची पट्टी राहिली तर लिंक लागणारच नाही. दोन तुकडे एकाच बाजूने घालू नका. एकाची पिन आतून, दुसऱ्याची बाहेरून. लिंकवर बाण असेल तर तो चेन फिरते त्या दिशेला ठेवा.

साध्या, बिनगिअरच्या सायकलचं लॉक वेगळं. त्यावर क्लिप असते, मासळीसारखी. तिचं बंद तोंड चेन जाते त्या दिशेला, फाटकी शेपटी मागे. उलटी लावली तर काहीतरी अडकून ती निघून जाऊ शकते.

जोडल्यावर टिक-टिक येत असेल तर आधी मोजा. ११२ कड्यांची चेन आणि पुढे ३४ दाते असतील तर चेनची एक फेरी पेडलच्या साधारण सव्वातीन फेऱ्यांनी पूर्ण होते. टिक त्याच अंतराने येत असेल तर दोष चेनमध्ये आहे, बहुधा आवळलेल्या कडीत. ती अंगठ्यांनी आडवी हलवून सैल करा. टिक पेडलच्या प्रत्येक फेरीला येत असेल तर क्रँक आणि पेडल बघा, लिंकला हात लावू नका.

यवतेश्वर चढून कासला निघाल्यावर अकरा स्पीडची लिंक मिळेल असं दुकान वाटेत मी पाहिलेलं नाही. म्हणून माझ्या सीटखालच्या पिशवीत, ट्यूबच्या शेजारी, आमच्या ग्रुपमध्ये असलेल्या प्रत्येक स्पीडची एकेक लिंक प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेली असते. डबीवर स्पीड लिहिलेला असतो. त्या मुलाची चेन दहा स्पीडची होती, माझ्या डबीत तेव्हा फक्त अकराची होती.