मॅसिडोनियाचे भालाईत एकटे लढवू नका
‘झीरो ए.डी.’ या प्राचीन युद्धांवरच्या मोफत संगणकीय खेळात मॅसिडोनियाची बाजू घेतल्यास लांब भाल्यांच्या पायदळाकडून शत्रू मारण्याची अपेक्षा ठेवू नये. त्यांचे चिलखत भक्कम असले तरी प्रहार दुबळा आणि चाल संथ असते. म्हणून त्यांनी समोरचा मारा झेलत शत्रूला जागीच खिळवून ठेवावे, मागून भालाफेके सैनिक मारा करत राहावेत आणि घोडदळ बगलेतून घुसवावे. अलेक्झांडरची युद्धपद्धतीही मुळात हीच होती. इ.स.पू. १६८ मध्ये रोमशी झालेल्या पिडनाच्या लढाईत मात्र उंचसखल जमिनीवर मॅसिडोनियाच्या भालाईतांच्या फळीत भेगा पडल्या आणि रोमन सैनिक त्यांतून आत शिरले. खेळातही या फळीच्या दोन्ही बगलांवर राखीव तुकड्या ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.