कप दिला की पोटात गेला? आईच्या ऑपरेशननंतरची माझी वही

आईच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिचं वजन 52 किलो होतं. चार महिन्यांत पाच किलो उतरलेलं. सहा महिन्यांत शेकडा पाचपेक्षा जास्त वजन घटलं असेल तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना सांगा आणि आहारतज्ज्ञांची भेट मागून घ्या. कुणीतरी विचारेल म्हणून आम्ही थांबलो आणि दोन आठवडे हातचे गेले.

ऑपरेशननंतरची सूज फक्त टाक्यांपाशी नसते, ती अंगभर असते. जखम भरून काढायला शरीर स्नायू मोडून प्रथिनं वापरतं. आईला उठवताना दंडाला हात घातला की ते कळायचं.

याच काळात लिव्हर सीआरपी (अंगात सूज असल्याचं रक्ताच्या तपासणीत दाखवणारं प्रथिन) बनवतं. तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, मग उतरतो. आईचा 168 होता, चौथ्या दिवशी 92. एका आकड्याने घाबरू नका, उतार बघा. उतरलेला परत चढला, ताप आला किंवा पोट फुगलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, प्रथिनांच्या पावडरीवर विसंबू नका. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, तेसुद्धा सुजेमुळे खाली जातं, फक्त कमी खाण्यामुळे नाही. तो रिपोर्ट बघून मी आईला ‘तू खातच नाहीस’ म्हणून रागावले होते. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दिवसाला दर किलो वजनामागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे आईला 62 ते 78 ग्रॅम. किडनीचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. तीन जेवणांत एवढं बसत नाही, म्हणून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्या. तरीही कमी पडलं तर पावडर.

पावडर एकदम ग्लासभर पाण्यात टाकू नका. आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात कालवा, गुठळ्या चमच्याने मोडा, मग उरलेलं पाणी घाला. आईला वासानेच मळमळायचं, म्हणून मी ते गार करून झाकणाच्या कपात स्ट्रॉ घालून द्यायचे. घोट घोट, अर्धा-पाऊण तास. पहिला आठवडा मी वहीत ‘कप दिला’ लिहीत होते, आणि निम्मा कप परत येत होता. नंतर उरलेलं मोजून वजा करायला लागले, तेव्हा खरा हिशोब कळला.

आर्जिनिन (प्रथिनांचा एक घटक) आणि ओमेगा-3 (माशांच्या तेलातली चरबी) घातलेली खास पेयं पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या आगेमागे 5 ते 7 दिवस काही जणांना देतात. ती डॉक्टरांनी सांगितली तरच. ‘सूज उतरवणाऱ्या’ कर्क्युमिनच्या (हळदीतल्या अर्काच्या) आणि व्हिटॅमिन ईच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. अँटिऑक्सिडंटचे मोठे डोस केमोच्या काळात नकोत. घरात असलेल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा.

लोहाच्या गोळ्या आईला लागू पडेनात. सूज असताना हेप्सिडिन हे लिव्हरमधलं हार्मोन वाढतं आणि आतडं लोह आत घेत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. मग शिरेतून दिलं.

वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, तेच कपडे घालून करा. पायावर पाणी साठून सूज असेल तर काटा फसवतो. म्हणून मी आणखी एक गोष्ट लिहायचे: हाताचा आधार न घेता आई खुर्चीतून किती वेळा उठते. तिसऱ्या आठवड्यात एकदा, सहाव्यात चार वेळा.