पेनड्राइव्हला टर्मिनलमधून नाव द्या

लिनक्सवर दोन-तीन बाहेरच्या डिस्क एकदम जोडल्या की आज एसडीबी१ नाव असलेलं पार्टिशन (डिस्कचा एक भाग) उद्या एसडीसी१ होऊ शकतं. म्हणून प्रत्येकाला लेबल, म्हणजे आपलं ठरवलेलं नाव, द्याच.

आधी टर्मिनलमध्ये डिस्कची यादी दाखवणारी एलएसबीएलके -एफ ही कमांड चालवा. कोणत्या पार्टिशनवर कुठली फाइल सिस्टिम (फाइली साठवण्याची पद्धत, जसं एक्स्ट४ किंवा फॅट३२) आहे, लेबल काय, यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) काय, सगळं एका तक्त्यात दिसतं. लेबलचा रकाना रिकामा असेल तर नाव दिलेलंच नाही. बदलण्याआधी पार्टिशनचा आकारही एलएसबीएलकेने ताडून घ्या, भलत्याच डिस्कचं नाव बदलायला नको.

एक्स्ट४ साठी: सुडो ई२लेबल /डेव्ह/एसडीबी१ बॅकअप. नाव न देता हीच कमांड चालवली तर सध्याचं लेबल दिसतं. फॅट३२ ला फॅटलेबल, एनटीएफएसला एनटीएफएसलेबल. एक्सएफएसला एक्सएफएस_अ‍ॅडमिन -एल (कॅपिटल एल), पण आधी अनमाउंट करा, म्हणजे डिस्क सिस्टिमपासून सोडवा. फॅट आणि एनटीएफएसलाही तेच बरं.

लांबीकडे मात्र नीट लक्ष द्या. एक्स्ट४ ला १६ बाइट मिळतात, एक्सएफएसला १२, फॅटला ११. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘फोटो’ १२ बाइटांत बसतं, ‘छायाचित्रे’ला ३० लागतात. त्यामुळे लेबल रोमन लिपीत, छोटं आणि मधे जागा न सोडता ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी फाइल) डिस्क लेबलने नोंदवली असेल, तर तिथलं नावही लगेच बदला. नाहीतर पुढच्या बूटला मशीन ती डिस्क शोधत थांबेल आणि नोफेल पर्याय (डिस्क नसली तरी बूट चालू ठेवणारा) नसेल तर थेट इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे फक्त दुरुस्तीपुरत्या अवस्थेत, जाऊ शकेल.