सड्यावरचं डिस्क गोल्फ: नव्याने खेळायला येणाऱ्यांसाठी

डिस्क गोल्फ म्हणजे ‘टी’वरून, म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून, डिस्क टाकत टाकत कमीत कमी थ्रोंमध्ये ती साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये पोचवायची; अशा एकेका टप्प्याला होल म्हणतात. हा खेळ शिकायला आलेल्या माणसाला बहुतेक ठिकाणी आधी पकड शिकवतात. मी त्याला आधी टीवर उभं करतो आणि समोर किती माणसं, किती गुरं दिसतात ते सांगायला लावतो. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या ज्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, आम्ही सुटे बास्केट लावून खेळतो तिथे कुंपण नाही, फाटक नाही. म्हशी चरायला येतात, बायका सरपण न्यायला येतात आणि वाड्यावरून देवळाकडे जाणारी पायवाट आमच्या तिसऱ्या होलला आडवी जाते. ही माणसं खेळायला आलेली नाहीत. वाट त्यांची आहे, थांबायचं आपण.

समुद्रकिनाऱ्यावर पोरं उडवतात ती फ्रिस्बी डोक्यात असेल तर ती विसरा. गोल्फची डिस्क आकाराने लहान असते, वजन साधारण १५० ते १७५ ग्रॅम. लांब जाणाऱ्या ड्रायव्हरची कड पातळ आणि टणक असते. नवशिक्याच्या हातूनही ती ४०-५० मीटर सहज जाते आणि येताना आवाज जवळजवळ करत नाही. पाठमोऱ्या माणसाला काही कळायच्या आत ती कानशिलावर बसते. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून डावीकडे नेऊन, टाकलेली डिस्क वेग कमी झाला की डावीकडे वळते, हे सगळे सांगतात. पण नवशिक्याच्या हातून ती उशिरा सुटते आणि थेट उजवीकडे जाते, हे फार कमी जण सांगतात. म्हणजे डावी बाजूही धोक्याची आणि उजवीही. थ्रो करणाऱ्याच्या पुढे कुणीही उभं राहायचं नाही, रील काढायला तर मुळीच नाही. मागे उभं राहतानाही त्याचा हात पूर्ण फिरेल एवढी जागा सोडा.

खेळण्याचा क्रम हा नुसता मान-पानाचा प्रश्न वाटतो, पण त्यात सुरक्षितताच आहे. मागच्या होलला ज्याचे थ्रो सर्वांत कमी लागले तो टीवरून पहिला टाकतो. त्यानंतर मात्र बास्केटपासून जो सर्वांत लांब, त्याची पाळी. सगळ्यांनी हे पाळलं आणि पुढे न धावता त्याच्या मागे राहिले, तर कुणी कुणाच्या डिस्कच्या वाटेत येतच नाही. जो आपली डिस्क जवळ पडली म्हणून आनंदात पुढे पळतो, तोच पुढच्या थ्रोचा नेम होतो. आपली पाळी आली की नियमाप्रमाणे ३० सेकंद मिळतात, पण समोरचा भाग मोकळा झाल्यावरच ती मोजायला लागतात. त्यामुळे म्हैस रस्त्यात बसली असेल तर घाई कसलीही नाही. आमच्याकडे म्हशीला हाकलत नाहीत.

आमचा पाचवा होल सड्याच्या कडेवरून खाली काजूंत उतरतो आणि टीवरून बास्केट दिसत नाही. तिथे एक जण आधी खाली जातो, जाडशा झाडाच्या बुंध्याआड उभा राहतो आणि हात वर करतो. हात वर असेल तरच टाकायचं. हात खाली आला की हातातली डिस्कही खाली, ‘एवढा एक टाकतो’ वगैरे नाही. मार्च ते मे या दिवसांत तर या होलवर फारच जपावं लागतं, कारण बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचणारी माणसं झाडांखाली वाकून काम करत असतात. पाचोळ्याच्या रंगात ती चटकन दिसतही नाहीत. बाग पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेल्या काकांना आम्ही मोसमाच्या सुरुवातीलाच विचारतो, ‘काका, वेचणी किती वाजेपर्यंत?’ त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘चारनंतर या रे. आणि बोंडू तुडवू नका.’ त्या दिवसांत खेळ संध्याकाळी, आणि काकांचे लोक अजून बागेत असतील तर पाचवा होल सोडून सरळ सहावा. मोहर धरलेली झाडं आम्ही आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेर, धरतो. डिस्क तिकडे गेली तर एक थ्रोचा दंड, म्हणजे नेम आपोआप दुसरीकडे लागतो. वाट काढायला फांद्या मोडणं नियमातही बसत नाही, आणि इथे ती कुणाची तरी मिळकत आहे.

डिस्क भलतीकडे निघाली की जाणते खेळाडू ‘फोर!’ ओरडतात. गुराख्याला त्यातून काहीच बोध होत नाही. पोटातून ओरडा, ‘सांभाळ! डोकं!’ आणि ओरडायला लाजू नका. डिस्क कुणाला लागणार नाही असं वाटत असलं तरी. तुम्हाला कुणी असं ओरडलं तर वर बघू नका, डोकं हातांनी झाका आणि वाका.

शांतता पाळायची ती मुख्यतः पटिंगच्या, म्हणजे जवळून बास्केटमध्ये डिस्क टाकायच्या, वेळी. दुसरा पट करत असताना बास्केटच्या मागे त्याच्या नजरेसमोर उभं राहायचं नाही, पिशवीची चेन ओढायची नाही, संध्याकाळी आपली सावली त्याच्या वाटेत पाडायची नाही. डिस्क साखळ्यांत पडली की ती काढून घ्या आणि बाजूला व्हा. स्कोअर पुढच्या टीवर लिहा, मागचा ग्रुप खोळंबतो. मागचे सारखे थांबत असतील तर त्यांना पुढे जाऊ द्या. आणि न विचारता कुणाची पकड सुधारायला जाऊ नका. यात आमचे जुने खेळाडूच जास्त अपराधी आहेत.

हरवलेली डिस्क सगळ्यांनी मिळून शोधायची, नियमाने तीन मिनिटं. पण हात घालून नाही. जांभ्याच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, लहानसा, दगडाच्याच रंगाचा, पाचोळ्यात नाहीतर सुट्या दगडाखाली बसलेला. काठीने पाला बाजूला करा, बूट घाला, सँडलवर येऊ नका. चावलाच तर दोरी बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करायचं नाही. माणसाला हलू न देता १०८ ला फोन, आणि थेट सरकारी इस्पितळ. डिस्क सातशे-हजार रुपयांची असेल, तिच्यासाठी करवंदीच्या जाळीत घुसण्यात शहाणपण नाही. डिस्कच्या मागे आपला फोन नंबर लिहून ठेवा; काजूवाल्यांनी आमच्या कितीतरी परत आणून दिल्या आहेत.

मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात दुपारनंतर ढग गडगडायला लागले की खेळ तिथेच बंद. उघडा सडा आणि लोखंडी बास्केट, दोन्हींपासून लांब जा, पण एकट्या झाडाखाली नको, गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतायचं नाही.

काही जण सुटा बास्केट घेऊन किनाऱ्यावर जातात. सूर्य वर येण्याआधी, माणसं नसताना, जरूर खेळा. फक्त मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे साधारण नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि घरट्यांभोवती वनखात्याने कुंपण घातलेलं असतं. डिस्क त्यात पडली तर उडी मारून आत जायचं नाही. पहाऱ्यावरच्या माणसाला हाक मारा, तो काढून देतो. तो नसेल तर त्या होलला दुसरी डिस्क घ्या आणि स्कोअरमध्ये दंड मांडा.